प्रकाश डोळ्यात शिरतो, मग पोटात का नाही?

प्रश्न : सासूबाईंना साखर आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘ओसीटी’ काढायला सांगितलीय. प्रकाशाने आतला फोटो काढतात म्हणे. त्यात एक्स-रेसारखे किरण असतात का? आणि साध्या प्रकाशाने आतलं दिसतं, तर पोटासाठी सीटी स्कॅन कशाला?
– एक सूनबाई, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, एक्स-रे अजिबात नाही. असतो तो जेमतेम दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, बऱ्याच यंत्रांत ८४० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा. मी हे यंत्र रोज चालवते. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, समोरच्या खुणेकडे बघायचं आणि काही सेकंद पापणी लववायची नाही. टोचणं नाही, काही नाही. सासूबाई बोलक्या असतील तर तेवढ्यापुरतं गप्प बसवा. बोललं की हनुवटी हलते.

दुसरा प्रश्न मात्र झकास. आज रात्री दिवे घालवून मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवा. बोट लालबुंद दिसेल, हाड दिसणार नाही. निळा-हिरवा प्रकाश रक्त गिळतं, लाल बाहेर येतो. पण तोही आत ठेचकाळत, वाट चुकत आलेला. पन्हाळ्यावर दाट धुक्यात गाडीचे दिवे लावले की उजेड होतो, वळण काही दिसत नाही, तसंच. पोटाच्या जाडीपुढे तर बोलायलाच नको, म्हणून तिथे एक्स-रेवर चालणारा सीटी स्कॅन. डोळा पारदर्शक, म्हणून मागच्या पडद्यापर्यंत वाट मोकळी.

परतलेला प्रकाश किती खोलवरून आला, हे ओळखणं ही खरी करामत. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मोजतात. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो, त्याला घड्याळ कुठलं लावणार? म्हणून किरणाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात, एक आरशाकडे. परत आले की दोघांची गाठ घालतात आणि त्यांच्या लहरी एकमेकींशी कशा जुळतात, यावरून खोली काढतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी ही पद्धत जगापुढे मांडली. पडद्याचे थर त्यात पाच-दहा मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुटे दिसतात. साखरेमुळे सूज असेल तर थरांच्या मधे काळे कप्पे दिसतात. ते साठलेलं पाणी.

हृदयाच्या रक्तवाहिनीतही ओसीटी करतात, पण बारीक नळी आत घालून, रक्त क्षणभर बाजूला सारून. तरी दिसते ती भिंत एक-दोन मिलिमीटरच.

मोतीबिंदू पिकला असेल तर चित्र धूसर येतं, ते आधीच सांगा. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास नीट दिसत नाही, तेव्हा सासूबाईंना एकट्या पाठवू नका. आधीची ओसीटी असेल तर फाईल घेऊन जा. सूज चढली की उतरली, हे दोन चित्रं शेजारी ठेवल्यावरच कळतं.