लॅक्टेट ४ वर अडलंय, आणखी एक लिटर सलाईन द्यायचं का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात: ५८ वर्षांचा पेशंट, वजन ६० किलो, बीपी जुना. आतडं फुटलं म्हणून ऑपरेशन झालंय, आता सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलाय). अडीच लिटर रिंगर लॅक्टेट गेलंय, नॉरअ‍ॅड (नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारं औषध) ०.१५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट चालू आहे. आर्टिरियल लाइनवर (धमनीत घातलेली, दाब मोजणारी नळी) १०४/४८, सरासरी दाब ६६-६७. लॅक्टेट ४.६ होतं, दोन तासांनी ४.२. लघवी तासाला २५ एमएल. सिनियर म्हणतात, आणखी एक लिटर सोडा. सोडायचं का?

या आकड्यांवर तरी नाही.

आधी लॅक्टेट. शॉकमध्ये ते चढतं ते फक्त पेशींना ऑक्सिजन कमी पडतो म्हणून, असं धरलं तरच 'लॅक्टेट चढं म्हणजे पाणी कमी' हा हिशोब जुळतो. सेप्सिसमध्ये शरीरातलंच अ‍ॅड्रेनॅलिन बीटा-२ रिसेप्टरवाटे स्नायूंना ऑक्सिजन असतानाही लॅक्टेट बनवायला लावतं. वरून अ‍ॅड्रेनॅलिनचं इन्फ्यूजन किंवा सॅल्ब्युटामॉलची नेब्युलायझेशन चालू असेल तर आणखी भर. लिव्हर मंदावलं की ते निघूनही जात नाही. रक्तप्रवाह सुधारल्यावरही लॅक्टेट कित्येक तास वर राहू शकतं, आणि त्या तासांत त्याच्या मागे लागून दिलेलं पाणी फुप्फुसात आणि आतड्याच्या भिंतीत जाऊन बसतं. (रिंगरमुळेच लॅक्टेट वाढलं, अशी शंका येते. ते कारण फारसं नसतं. मात्र रिंगर चालू असलेल्या हातातून किंवा त्याच लाइनमधून सॅम्पल काढलं असेल तर तो आकडा फेकून द्या.)

म्हणून लवकर बदलणारी खूण हवी. कॅपिलरी रिफिल टाइम म्हणजे सीआरटी ही तशी खूण आहे. प्रवाह सुधारला तर मिनिटांत बदलते, खर्च शून्य. पण राउंडवर नख दाबून 'तीनच्या आत असेल' म्हणणं म्हणजे सीआरटी नव्हे. चिलीच्या ग्लेन एर्नांदेस यांच्या गटाने अभ्यासात वापरलेली पद्धत अशी: उजव्या हाताच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, नखाच्या नव्हे तर आतल्या मांसल बाजूला, मायक्रोस्कोपची काचेची स्लाइड ठेवायची. कातडी पांढरी पडेपर्यंत दाबायचं आणि तसंच पूर्ण १० सेकंद धरायचं. सोडल्यापासून मूळ रंग येईपर्यंत स्टॉपवॉच. ३ सेकंदांच्या वर गेलं तर बिघडलेलं. स्लाइडमुळे दाब सगळीकडे सारखा बसतो आणि रंग उतरलेला डोळ्यांना दिसतो. बोटाची ही बाजू फिकी असल्याने सावळ्या पेशंटमध्येही वाचता येते.

यात घोटाळे कुठे होतात? एसीचा झोत हातावर असतो. बीपीचा कफ त्याच हातावर फुगतो. त्याच हाताच्या रेडियल धमनीत कॅथेटर असतो. बोट सुजलेलं असतं. रात्री मंद दिव्यात बघितलं जातं. सगळ्यात मोठी चूक ही की दर वेळी वेगळा माणूस मोजतो, त्यामुळे ४ वरून ३ झालं ते पेशंटमध्ये की बघणाऱ्यात, हे कळत नाही. एका शिफ्टला एकाच माणसाने, हात पांघरुणात ऊबदार ठेवून, त्याच दिव्यात मोजावं. जुना रेनो (थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आवळण्याचा आजार) किंवा हाताच्या धमन्यांचा आजार असेल तर हा आकडा वापरूच नका. गुडघ्यांभोवतीचे जांभळट चट्टे पाहा, ते कुठवर पसरलेत ते मार्करने आखून ठेवा.

समजा तुमच्या पेशंटचा सीआरटी ५ सेकंद आला. म्हणजे प्रवाह कमी आहे. पण कशामुळे? इथे सरासरी दाब काही सांगत नाही. १०४/४८ चा सरासरी दाब ६६.७ येतो. ९२/५४ चाही ६६.७ च येतो. मॉनिटरवर कंसातला आकडा तोच, आजार मात्र वेगळा. पहिल्यात पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या दाबातला फरक) ५६ आहे, म्हणजे हृदय दर ठोक्याला रक्त बऱ्यापैकी फेकतंय, पण डायस्टोलिक (खालचा दाब) ४८: रक्तवाहिन्या सैल पडल्यात. तिथे पाणी ओतण्यापेक्षा नॉरअ‍ॅड वाढवायचं. दुसऱ्यात पल्स प्रेशर ३८. स्ट्रोक व्हॉल्यूम (दर ठोक्याला फेकलं जाणारं रक्त) कमी असल्याची शक्यता जास्त, म्हणून पाण्याचा प्रश्न तिथे विचारायचा, तोही चाचणी घेऊनच. २०२५ च्या अँड्रोमेडा-शॉक-२ या अभ्यासामध्ये याच सीमा होत्या: पल्स प्रेशर ४० च्या खाली असेल तर पाण्याला प्रतिसाद मिळतो का ते तपासा, ४० किंवा वर आणि डायस्टोलिक ५० च्या खाली असेल तर नॉरअ‍ॅड वाढवा.

आता जरा लाइनकडे बघा. ट्यूबिंगमध्ये हवेचा बुडबुडा असेल, कॅथेटर मुडपला असेल किंवा प्रेशर बॅग ३०० च्या खाली उतरली असेल तर लाट दबते: सिस्टोलिक खाली येतं, डायस्टोलिक वर जातं, सरासरी जवळपास तिथेच राहते. थोडक्यात, एक बुडबुडा १०४/४८ चं ९२/५४ करू शकतो आणि तुम्ही नॉरअ‍ॅडऐवजी पाणी देऊन बसता. म्हणून आधी फ्लशची कळ ओढून सोडा. चौकोनी लाटेनंतर एक-दोन हेलकावे येऊन लाट स्थिरावली तर ठीक. हेलकावा न येता सुस्तपणे वर आली तर दबलेली आहे. ट्रान्सड्यूसर (लाइनला जोडलेला दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीवर, चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या रेषेत काखेच्या मध्यावर हवा. ड्रेसिंगसाठी पलंग १० सेंमी वर केला आणि ट्रान्सड्यूसर स्टँडवर तसाच राहिला, तर दाब साधारण ७ ने जास्त दिसतो. ६६ दिसतंय, खरं ५९ आहे.

नॉरअ‍ॅडचं गणित: ५० एमएलमध्ये ८ मिलिग्रॅम, म्हणजे एमएलला १६० मायक्रोग्रॅम. ६० किलोला ०.१५ म्हणजे तासाला ३.४ एमएल, ०.२ म्हणजे ४.५ एमएल. अँप्युलवरचा आकडा बेसचा आहे की बायटार्ट्रेटचा, तेवढं वाचा. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेटमध्ये बेस सुमारे १ मिलिग्रॅमच असतो. दोन हॉस्पिटलांचे डोस जुळत नाहीत त्याचं एक कारण हे. ०.२५ ते ०.५ च्या टप्प्यात व्हॅसोप्रेसिन (दाब वाढवणारं दुसरं औषध) मिनिटाला ०.०३ युनिट जोडावं, नॉरअ‍ॅड नुसतंच ताणत बसू नये.

पाण्याची चाचणी घ्यायची वेळ आलीच तर पाय उचलण्याची चाचणी चांगली: ४५ अंशात बसतं ठेवून सुरुवात, मग पलंगानेच धड आडवं आणि पाय ४५ अंश वर. एका मिनिटाच्या आत इकोवर एलव्हीओटी व्हीटीआय (दर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचं माप) १० टक्क्यांनी वाढतो का पाहायचा. प्रोब हलू द्यायचा नाही, तीन ते पाच ठोक्यांची सरासरी घ्यायची. नुसता बीपी बघून निकाल देऊ नका. मात्र तुमच्या पेशंटचं पोट ऑपरेशन होऊन फुगलेलं आहे. पोटातला दाब वाढलेला असला की पायांतलं रक्त वर येत नाही आणि चाचणी खोटी नकारात्मक येते. आधी मूत्राशयातून पोटातला दाब मोजा. तो वाढलेला असेल तर २५० एमएल १० मिनिटांत देऊन आधी-नंतर व्हीटीआय आणि सीआरटी बघा. फरक नाही? मग पुढची बाटली लावू नका.

अभ्यासांचं म्हणाल तर, पहिला अँड्रोमेडा-शॉक २०१९ चा: लॅटिन अमेरिकेतल्या ५ देशांतले ४२४ पेशंट, दर अर्ध्या तासाला सीआरटी विरुद्ध दर दोन तासांनी लॅक्टेट. २८ दिवसांतले मृत्यू ३४.९ विरुद्ध ४३.४ टक्के, पण पी (फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारा आकडा; ०.०५ च्या खाली हवा) ०.०६, म्हणजे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पहिल्या ८ तासांत सीआरटी गटाला सुमारे ४०० एमएल पाणी कमी लागलं, हे मला जास्त कामाचं वाटतं. दुसऱ्या, १,४६७ पेशंटच्या अभ्यासात एकत्रित निकाल सीआरटीच्या बाजूने गेला, विन रेशो (एका गटाच्या 'जिंकलेल्या' तुलनांचं दुसऱ्याशी प्रमाण) १.१६. मृत्यू मात्र दोन्हीकडे सारखे. फायदा दिसला तो व्हेंटिलेटर, व्हॅसोप्रेसर (दाब वाढवणारी औषधं), डायलिसिस यांचा आधार लवकर सुटण्यात. कमी पाणी विरुद्ध जास्त पाणी या थेट लढतीत क्लासिक आणि क्लोव्हर्स हे दोन्ही अभ्यास बरोबरीत सुटले. आफ्रिकेतल्या ३,१४१ मुलांवरच्या फीस्ट या अभ्यासात तर बोलस (एकदम भराभर पाणी) दिलेल्यांत ४८ तासांतले मृत्यू जास्त होते, सुमारे १०.५ विरुद्ध ७.३ टक्के. तिथे व्हेंटिलेटर नव्हते, म्हणून ते आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. पण 'पाण्याने काय बिघडतंय' हे वाक्य त्यानंतर कुणी म्हणू नये.

तुमच्या पेशंटचं: लाइन तपासा, सीआरटी मोजा. ३ च्या आत असेल तर लॅक्टेट ४.२ असूनही पाणी थांबवा, दोन तासांनी पुन्हा पाठवा. ३ च्या वर असेल तर नॉरअ‍ॅड ०.२ करा, डायस्टोलिक ५० च्या वर आणा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरी हललं नाही तर इको. हृदयाचं आकुंचन मंद असेल तर डोब्युटामिन (आकुंचन वाढवणारं औषध) ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटावर तासभर. तसं नसेल तर, बीपी जुना असल्यामुळे, तासभर सरासरी दाब ८०-८५ ठेवून बघा. सीआरटी सुधारला तरच तो दाब ठेवा, नाहीतर ६५ वर परत या. चढ्या दाबाच्या गटात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं) जास्त होतं हे सेप्सिसपॅम या अभ्यासात दिसलंय. यातल्या कशानेच फरक पडला नाही तर सर्जनला फोन करा आणि ड्रेनमध्ये काय येतंय ते पाहा. टाका सुटून आतडं गळत असेल तर बोटावर स्लाइड दाबून काही होणार नाही.