ॲल्युमिनियमच्या कुकरमुळे आईंना विसरायला होतंय का?

तुमचा प्रश्न असा आहे: आई ७१ वर्षांच्या, गेल्या काही महिन्यांत विसरायला लागल्या आहेत. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी स्मृतिभ्रंश होतो. मग सगळी भांडी काढून टाकून तांब्याच्या भांड्यातलं पाणी सुरू करावं का?

मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायचे. रुग्ण तपासत नाही, पण शरीरातले धातू हा माझ्या शिकवण्यातला आवडता भाग होता. कुकर तूर्त आहे तिथेच राहू द्या. आधी आईंच्या रक्तातलं सोडियम आणि बी१२ हे जीवनसत्त्व तपासून घ्या. हेही धातूंचेच प्रश्न आहेत, आणि वेळेत सापडले तर त्यांवर उपाय आहे.

आधी सोडियम. मीठ म्हणून आपण ते रोज खातो, त्यामुळे हा धातू आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. मेंदूतली प्रत्येक पेशी सतत सोडियम बाहेर टाकते आणि पोटॅशियम आत घेते; संदेश पुढे जातो तो या फरकावरच. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के घेतो, आणि त्यातला मोठा भाग या एकाच कामावर खर्च होतो. रक्तात सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असायला हवं. ते खाली गेलं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. माणूस मंदावतो, तेच तेच विचारतो, चालताना तोल जातो. हळूहळू उतरलं तर घरातल्यांना वाटतं, वय झालं.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला ही शंका यायचं कारण त्यांची बीपीची गोळी. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलेल्या गोळ्या लघवीवाटे सोडियम बाहेर काढतात. पाकिटावर गोळीच्या नावापुढे बऱ्याचदा ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरं असतात, ती बघा. त्यात जेवणात मीठ तोडलेलं असेल, मध्ये उलट्या-जुलाब झाले असतील, तर वयस्कर बाईंचं सोडियम १२५ च्याही खाली जाऊ शकतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं. मात्र रिपोर्टमध्ये आकडा कमी दिसला म्हणून घरी मीठ-पाणी पाजू नका आणि बीपीची गोळी मनाने बंद करू नका. बरेच दिवस कमी राहिलेलं सोडियम एकदम वाढवलं तर मेंदूतल्या तंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सावकाश चढवायचं असतं.

दुसरा धातू कोबाल्ट. बी१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो. डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये क्ष-किरणांनी या रेणूची संपूर्ण रचना उलगडली आणि १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तो रेणू फक्त जिवाणू बनवू शकतात. आपल्याला तो दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतो. त्यामुळे शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती. २००६ मध्ये छापून आलेल्या त्या अहवालात सुमारे दोन-तृतीयांश जणांचं बी१२ कमी होतं. तुमच्या आई शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असतील, तर त्या गोळीने बी१२ चं शोषण आणखी घटतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असल्या तर तेही धरा.

बी१२ कमी पडलं की मज्जातंतूंचं आवरण झिजतं. पायांना मुंग्या, अंधारात चालताना डगमगणं, चिडचिड, विसरणं ही त्याची लक्षणं. ‘हिमोग्लोबिन चांगलं आहे, म्हणजे बी१२ ठीकच असणार’ हा समज चुकीचा आहे. रक्त चांगलं असूनही मेंदू आणि मज्जारज्जूवर परिणाम झालेला असू शकतो. नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि तंतूंची हानी मागे चालूच राहते. तपासणीआधी बी१२ च्या गोळ्या सुरू करू नका, नाहीतर आकडा फसवा येतो. आणि उशीर करू नका, कारण वर्षानुवर्षांची हानी पूर्ण भरून येत नाही.

आता कुकर. ही भीती हवेतून आलेली नाही. १९६५ मध्ये इगोर क्लाट्झो आणि सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचले, तेव्हा पेशींत अल्झायमरसारखे (स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) वाटणारे गुंते दिसले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या गुंत्यांची घडण वेगळी निघाली. १९७० च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, झटके आले, स्मृती गेली. कारण होतं डायलिसिसच्या पाण्यातलं आणि औषधांतलं ॲल्युमिनियम. पाणी शुद्ध करायला लागल्यावर तो आजार जवळपास नाहीसा झाला. म्हणजे ॲल्युमिनियम मेंदूला विषारी ठरू शकतं, पण त्या रुग्णांच्या रक्तात ते थेट जात होतं आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडं धड नव्हती. अन्नातल्या ॲल्युमिनियमपैकी १ टक्क्याहूनही कमी आतड्यातून रक्तात जातं, आणि निरोगी मूत्रपिंडं त्यातलं बहुतेक काढून टाकतात. भांड्यांमुळे अल्झायमर होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. आईंची मूत्रपिंडं अधू असतील तर मात्र डॉक्टरांशी जरूर बोला. आमटी-सार, चिंच-कोकमाचे पदार्थ स्टीलमध्ये करा. आंबटाने धातू सुटतो हे खरं आहे.

मला जास्त काळजी वाटते ती बाजारातल्या बिनमार्क्याच्या, भंगार वितळवून ओतलेल्या पातेल्यांची, कारण त्यांत शिसं असू शकतं. शिसं काय करतं हे समजायला स्मृती कशी घडते ते थोडं बघू. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींवर काही दारं असतात आणि त्यांत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. संदेश जोराचा आला की बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि त्या दोन पेशींमधली जोडणी पक्की होते. नवं काही लक्षात राहतं ते असं. मला आजही हे शरीरातलं सर्वांत देखणं रसायन वाटतं. शिसं नेमकं इथेच घुसतं. पेशीला ते कॅल्शियमच वाटतं. लहान मुलांच्या मेंदूला तर त्याची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, तोवर आपण सगळ्यांनीच ते श्वासातून घेतलं. हाडांत साठलेलं ते शिसं म्हातारपणी हाडं झिजताना थोडंथोडं रक्तात उतरतं. त्यात आणखी भर नको, म्हणून पातेली चांगल्या मार्क्याची घ्या. आणि आई स्मृतीसाठी एखादं रसौषध (धातू वापरून केलेलं आयुर्वेदिक औषध) किंवा भस्म घेत असतील तर ते कुणी दिलं, त्यात काय आहे, हे विचारा. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून आणलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ही तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी आवडत असेल तर प्या, त्यात लिंबू किंवा ताक घालू नका. त्याने स्मरणशक्ती वाढत नाही. जास्तीचं तांबं मेंदूला काय करतं हे विल्सन आजारात दिसतं. तो जनुकीय दोष आहे, १९१२ मध्ये किनियर विल्सन यांनी त्याचं वर्णन केलं. बहुधा तरुण वयात अक्षर बिघडतं, हात थरथरतो, अभ्यास मागे पडतो. औषधांनी तो आटोक्यात राहतो.

कुणी ‘शरीरातले जड धातू काढणारं’ सलाइन सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. अल्झायमरच्या मेंदूत लोह जास्त साठलेलं आढळतं, म्हणून लोह बांधणारं डेफेरिप्रोन हे औषध रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: औषध घेणाऱ्यांची घसरण उलट जास्त वेगाने झाली. लिथियमच्या बातम्याही सध्या फिरताहेत. २०२५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लिथियमची कमतरता आणि अल्झायमर यांचा संबंध दाखवला आहे, पण उपचाराचे प्रयोग उंदरांवरचे आहेत. लिथियमने मूत्रपिंडं आणि थायरॉइड बिघडू शकतात. आईंच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर तर ते रक्तात धोक्याइतकं साठू शकतं. ऑनलाइन मागवू नका.

तर या आठवड्यात आईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी), बी१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर या तपासण्यांबद्दल विचारा. सगळं ठीक आलं तरी विसरणं राहिलंच, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. मधल्या काळात आई अचानक गोंधळल्या, खूप झोपाळू झाल्या, पडल्या किंवा झटका आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.