तलवारीच्या आधीचं वचन

सोलापूर

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तुझ्या आईने सांगितलं, तुला कारखान्यात सुपरवायझर केलं. फार आनंद झाला. आणि काळजीही वाटली, म्हणून लगेच लिहायला बसलो.

बायबलातल्या शलमोन राजाच्या न्यायातली तलवार सगळ्यांच्या लक्षात राहते. एका लेकरावर दोघींचा दावा, राजा तलवार मागवतो, लेकराचे दोन तुकडे करा म्हणतो. पण १ राजे ३ काढ आणि २३ वं वचन सावकाश वाच. तलवारीआधी राजा दोघींचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवतो: ही म्हणते जिवंत तो माझा, मेला तो तुझा, ती म्हणते नाही, मेला तो तुझा, जिवंत तो माझा. निवाडा नंतर. त्याआधी गिबोनात, देव ‘हवं ते माग’ म्हणाला तेव्हा, त्याने न्याय करण्यासाठी जे मागितलं, त्या मूळ हिब्रू शब्दांचा अर्थच ‘ऐकणारं मन’.

हे मला पाठ होतं. तरी चुकलो.

एमआयडीसीत टॉवेलच्या खात्यावर होतो तेव्हाची गोष्ट. एका विणकराचा माल सारखा खराब निघायला लागला. जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, म्हणाला, रात्रपाळीला झोपतो, धागा तुटला तरी बघत नाही. मी टॉवेल ट्यूबलाइटसमोर धरला. मधोमध उभी फट. सगळ्या खात्यासमोर त्याची दिवसाची मजुरी कापली. तो तेलुगूत काहीतरी सांगू बघत होता, मी हात वर करून गप्प केलं. चार दिवसांनी तो रजेवर, मागावर दुसराच माणूस, आणि फट तिथल्या तिथे! बीमच्या, म्हणजे उभा ताणा गुंडाळलेल्या रुळाच्या, सुताला खळच नीट लागली नव्हती.

मजुरी परत दिली. पण कुठे? गेटबाहेर, चहाच्या गाड्यापाशी, कोणी नाही असं बघून. कापली होती चारचौघांत. त्याने नोटा मोजल्या नाहीत, चहाला थांबला नाही. ती पाठ मला अजून दिसते.

आधी बोलतो तो खरा वाटतो, दुसरा येऊन त्याला तपासेपर्यंत, असं नीतिसूत्रे १८:१७ सांगतं. जॉबर खोटं बोलत नव्हता, बरं का. त्याला मनापासून तसंच वाटत होतं, म्हणून तर मी फसलो.

पुढे वर्षभर मी उलटं केलं, कामगार म्हणेल ते खरं. तोही अन्यायच. लेवीय १९:१५ मध्ये गरिबाची भीड धरू नको हे आधी आहे, थोराचा मान राखू नको हे नंतर.

रहबामाचंही वाच, १ राजे १२. शलमोनाचा मुलगा. शखेमात लोक विनवायला आले, तुझ्या बापाने लादलेलं जू हलकं कर. त्याने तीन दिवस मागून घेतले, वडीलधाऱ्यांना विचारलं, इथवर ठीक. मग बरोबरीच्या पोरांनी जे कानाला गोड लागेल ते सांगितलं, तेच घेतलं: बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहा तुटले. मग लोकांकडे पाठवलं कोणाला? वेठबिगारीवरच्या अदोरामाला! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

मला जास्त लागतं ते वेगळंच. ते जू शलमोनाचं होतं. ऐकणारं मन मागितलेला राजा मंदिर आणि महाल बांधता बांधता बिगाऱ्यांचं ऐकेनासा झाला. म्हणून मी शेवटच्या दिवसापर्यंत पाळी सुरू होण्याआधी मशीनच्या आवाजातच ‘ऐकणारं मन दे’ ही प्रार्थना करत असे. तूही कर.

तुझ्या खात्यात निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात. अडलं की कांडी भरणाऱ्या मावशींना मध्ये बसव, त्यांना दोन्ही भाषा येतात. आणि एक शब्द आजच शिकून घे: ‘चेप्पंडी’. म्हणजे, सांगा.

गड्ड्याच्या यात्रेला घरी ये. काकू वाट बघते.

तुझा,
काका