अलीकडे वाचलेल्या पुस्तकांपैकी कोणती मनात राहिली, आणि का?

अलीकडे काय वाचलंत आणि त्यातलं मनात काय राहिलं, एवढंच तुम्ही विचारलंय. पण खाली एक अटही घातली आहे: आत्मचरित्रं नकोत, ती सगळी सारखीच असतात. ही अट मला पाळता येणार नाही, कारण गेले काही महिने मी आत्मचरित्रं आणि आठवणी सोडून फारसं काही वाचलेलंच नाही.

तुमची तक्रार मात्र खोटी नाही. गरिबीतलं बालपण, एक कडक पण मायाळू मास्तर, मग खस्ता, मग यश आणि शेवटच्या प्रकरणात बायकोचे आभार, या साच्याची पुस्तकं रग्गड आहेत. त्यातली दोन-तीन मीही या काळात अर्ध्यावर मिटली. नावं घेत नाही. लिहिणारी माणसं कर्तबगार होती, पण पहिल्या पानापासून स्वतःचं वकीलपत्र घेऊन बसली होती. प्रत्येक प्रसंगात आपणच कसे बरोबर होतो हे सिद्ध व्हायलाच हवं, असा हट्ट. कोर्टातलं एकतर्फी कामकाज तीनशे पानं कोण ऐकणार?

जी पुस्तकं मनात राहिली त्यांतल्या बहुतेकांत हे वकीलपत्र कोणी घेतलेलंच नाही. निवडताना मी असं काही ठरवलं नव्हतं, चार-पाच पुस्तकं झाल्यावर ते ध्यानात आलं.

सुरुवात गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ने झाली. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कानावर आलं आणि हे काकांबरोबर पायी उत्तरेकडे निघाले. साल १८५७. पुढे काय वाढून ठेवलंय ते वाचकाला माहीत असतं, भटजींना नसतं. वाटेत त्यांना बंडाची बातमी शिपायांकडूनच कळते, तरी डोक्यात दक्षिणेचा हिशेब चालूच असतो. इतिहासाच्या मधोमध उभं राहून माणूस आपल्या पोटापाण्याची काळजी करतोय, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. लुटीचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, तो रक्तापेक्षा त्यातल्या शिस्तीमुळे. आधी सोनं-नाणं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. कोणत्या दिवशी काय न्यायचं हे जणू वाटून दिलेलं. भटजी हे सगळं सावकार वहीत नोंदी करतो तसं सांगतात, एक उसासा नाही. वर्षानुवर्षं पौरोहित्य केलेल्या माणसाला वस्तूंची यादी नीट लक्षात राहत असावी, असं माझं आपलं अनुमान.

या पुस्तकातला विहिरीचा प्रसंग तर पुष्कळांना ऐकून माहीत असतो. झाशी हातची गेल्यानंतर काळपीच्या वाटेवर राणी लक्ष्मीबाई एका विहिरीशी येते. अंगावर पठाणी पोशाख, सगळीकडे धूळ, तहानेने जीव कासावीस. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. मग मातीच्या भांड्याने स्वतः पाणी काढून ओंजळीने पिते. आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, हा उद्योग करायची आपल्याला काही गरज नव्हती, असंही ती बोलते. पुतळ्यांनी आणि चित्रांनी तिला कायमचं घोड्यावर बसवून ठेवलंय. या पानावर ती खाली उतरलेली आहे, दमलेली आहे, आणि अशा अवस्थेतही समोरच्या भिक्षुकाचा मान ठेवते आहे. गोडसे तिची स्तुती करायला गेले असते तर हे पान इतकं उतरलं नसतं.

स्वतः भटजींची मिळकत वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. घरी परतले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी, पण गंगेची कावड मात्र खांद्यावर टिकली. तिच्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातलं. त्यांच्या लेखी प्रवास सुफळ झाला. आपण वाचकांनी उगाच त्यात शोकांतिका शोधू नये.

मिळवून वाचणार असाल तर एक लक्षात ठेवा. इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून भटजींनी हे लिहिलं, पण पुस्तक निघालं १९०७ साली, त्यांच्या निधनानंतर. वैद्यांनी भाषेवर आणि मजकुरावर बराच हात फिरवलेला आहे. भटजींचं मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. मूळ वाचायला जड जातं, वाक्यं मैलभर लांब, पण चव त्यातच आहे. आधी वैद्यांचं आणि मग हे, असं केलंत तर बरं.

त्यानंतर लगेच लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली. शाळेत एखादा उतारा वाचला की पुस्तक वाचल्यासारखं वाटतं, तसं माझं या पुस्तकाबाबत कित्येक वर्षं होतं. आता सलग वाचताना पहिल्याच पानांवर थबकले. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. जे घरात येईल ते धुवायचं, धान्यसुद्धा. घरातल्या बायकांचे हाल कुत्रा खाईना. गोडसे भटजींच्या लगोलग हे वाचल्यामुळे मला चमत्कारिक वाटलं. तेच साल, तेच बंड. तिकडे ते तोफांच्या आवाजात आहे, इकडे स्वयंपाकघरात, ओल्या धान्याच्या रूपात. कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी शेजारी येणार नाहीत. एकामागून एक वाचल्यामुळे त्या माझ्या डोक्यात शेजारी येऊन बसल्या.

आणि लक्ष्मीबाई हे हसत सांगतात! मला सर्वांत अचंबा वाटतो तो याचा. नवरा नारायण वामन टिळक, मोठा कवी, आणि संसाराला अगदी कुचकामी. पैसा हाती आला की भेटेल त्याला देऊन मोकळा, मनात आलं की न सांगता घराबाहेर. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळात एका ब्राह्मण बाईवर, पदरी लहानगा दत्तू असताना, यापेक्षा मोठा घाला कोणता? दुसरं कोणी असतं तर या जागी नवऱ्याला तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं असतं किंवा स्वतःला देव्हाऱ्यात बसवलं असतं. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. त्या टिळकांची फजिती सांगतात, लगेच आपलीही सांगतात, आणि वाचकाला कळतं की या दोघांचं एकमेकांवाचून चालण्यासारखं नाही.

पुढची काही वर्षं ताटातूट, मग जवळ येऊनही वेगळी चूल, सोवळं-ओवळं सांभाळत केलेला संसार. अखेर १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हा प्रवास पुस्तकात धर्मचर्चेतून फारसा उलगडत नाही. कुणाच्या हातचं पाणी चालेल, कुणाच्या हातचं जेवण चालेल, असल्या बारीकसारीक गोष्टींतून तो पुढे सरकतो. मनातली जात आधी भांड्यांतून सुटते आणि मग डोक्यातून, असं काहीसं. शाळेत कधीही न गेलेली बाई हे लिहिते आहे, नवऱ्याने शिकवलेल्या अक्षरांच्या जोरावर. मराठी गद्याचा विषय निघाला की भल्या भल्या विद्वानांआधी माझ्या तोंडी यांचं नाव येतं. यावर कुणी वाद घातला तर घालू दे.

दया पवारांचं 'बलुतं' हसत वाचण्यासारखं नाही, हे सांगायला नको. १९७८ साली ग्रंथालीने ते काढलं तेव्हा खळबळ उडाली होती. मला या वेळी खिळवलं ते त्याच्या मांडणीने. दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवारांना भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. दोघे अर्थात एकच. शिकलेला, कविता लिहिणारा, पांढरपेशांत वावरणारा दया पवार आणि त्याच्या आतला, गावच्या महारवाड्यातला नि मुंबईच्या कावाखान्यातला दगडू. पहिला दुसऱ्याला टाळू पाहतो, दुसरा पाठ सोडत नाही. ही निव्वळ लेखकाची युक्ती असती तर दहा पानांत फुसकी ठरली असती. इथे ती गरज आहे, कारण यातल्या काही गोष्टी माणूस स्वतःच्या तोंडाने सांगूच शकणार नाही. संशयापायी बायकोला सोडल्याची कबुली घ्या. जातीने जे भोगायला लावलं त्याचा जाब दगडू समाजाकडे मागतो, पण त्या बाईच्या बाबतीत आपणही कुणाचं आयुष्य नासवलंय, हे झाकत नाही. अन्याय सोसलेल्या माणसाने असं लिहायला छाती लागते. आपल्याच लोकांकडून बोलणी खावी लागतील हे कळत असूनही त्याने ते लिहिलं.

त्याच ओघात बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचलं. आधी 'स्त्री' मासिकातून आलेलं, मग १९८६ मध्ये पुस्तक झालेलं. त्यात बाईंचं स्वतःचं आयुष्य थोडं, अख्ख्या महारवाड्याचं जास्त. सासुरवाशिणीच्या पायात लाकडी खोडा घालत त्याचं वर्णन एकदा वाचलं की पुन्हा वाचवत नाही. बाहेरच्या जुलमाबद्दल बोलता बोलता त्या घरातल्या जुलमाकडे वळतात आणि तिथेही आवाज खाली करत नाहीत. नवऱ्यापासून लपवून वर्षानुवर्षं त्यांनी हे लिहून ठेवलं होतं, हे कळल्यावर काही पानं मी परत चाळली. 'बलुतं' आणि हे एकापाठोपाठ वाचाच, एकातलं जे सुटतं ते दुसऱ्यात सापडतं.

सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी'बद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. १९९० मध्ये आलं तेव्हापासून यावर दोन तट आहेत: पुलंच्या चाहत्यांना ते टोचलं, बऱ्याच बायकांना ते आपलंसं वाटलं. वर मी वकीलपत्राबद्दल बोलले, त्या हिशेबाने हे पुस्तक मला आवडायला नको, कारण बाई सतत युक्तिवाद करतात. पण त्या फिर्यादी असतात तेवढ्याच आरोपीही असतात. स्वतःची उलटतपासणी त्या नवऱ्यापेक्षा जास्त कडक घेतात. काही ठिकाणी हा काटेकोरपणा मला दमवतो, एखादी गोष्ट सोडून द्या की हो, असं म्हणावंसं वाटतं. तरी पुस्तक खाली ठेवलं नाही. त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत शेवटपर्यंत गेले.

मधे चवपालट म्हणून एक कादंबरी वाचली, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. आली १९५५ साली. धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर गोष्ट सांगतो. सांगतो मी-मी म्हणत, पण जवळजवळ सगळी जागा त्याने कारभाऱ्याला, आयबूला, अंजीला देऊन टाकली आहे. दुष्काळ येतो, वस्ती उठते, शाळा ओस पडते, आणि माडगूळकर एका शब्दाने रडत नाहीत. लहानसं पुस्तक, दोन बैठकांत होतं. 'आत्मचरित्रं नकोत' या तुमच्या अटीत बसणारं हे एकच.

कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर 'स्मृतिचित्रे'. पहिली पन्नास पानं वाचून हसू आलं नाही, तर तुमची अट मी मान्य करीन.

सध्या हातात रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आहे, १९१० सालचं. न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या, आणि नवऱ्याने त्यांना शिकवायचं मनावर घेतलं तसा घरातल्या बायकांनी छळ मांडला. निम्म्यापर्यंत आले आहे. नवऱ्याबद्दल इतक्या आदराने लिहितात की त्यांना स्वतःला काय वाटत होतं ते ओळींच्या आडून हुडकावं लागतं. घरातल्या त्या बायका मात्र झकास उतरल्या आहेत, त्यांच्यासाठी तरी पुरं करणार.