पडद्यावर १८,४६२ डॉलर, हातात चाळीस

प्रश्न : माझं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही चार जोडपी सिंगापूरहून निघणाऱ्या तीन रात्रींच्या क्रूझवर गेलो. तिकिटं नागपूरच्याच एका ट्रॅव्हल एजंटाकडून काढली, आमच्या दोघांचे १ लाख ६४ हजार झाले. दुसऱ्या रात्री जहाजावरच्या कॅसिनोत स्लॉट मशीन खेळत होतो, तेव्हा पडद्यावर १८,४६२ डॉलर लागल्याचं आलं. दिवे लागले, गाणं वाजलं, बायकोने फोटो काढला. मग तिथला माणूस आला, त्याने मशीन उघडलं, वॉकीटॉकीवर बोलला आणि ‘मशीन बिघडलंय’ म्हणाला. त्या मशीनमध्ये मी घातलेले ४० डॉलर परत देऊन एका इंग्रजी कागदावर सही घेतली. परत आल्यावर तीन ईमेल केले, उत्तर साचेबद्ध. नागपुरात केस करता येईल का? मित्र म्हणतात, जुगाराची केस केलीस तर आधी तूच आत जाशील. एजंटाच्या पत्रकात ‘९८ टक्के परतावा’ असं छापलं होतं, तेही जोडतो आहे. ता. क. : पहिल्या रात्री एका मशीनवर ६,२०० डॉलर लागले होते, ते त्यांनी तिथल्या तिथे रोख दिले. पुढे त्यातले सातशे हरलो. बाकीचे घरी कपाटात आहेत, एक ओळखीचा माणूस चांगल्या भावाने घ्यायला तयार आहे.

उत्तर : नमस्कार. तुम्हाला झोप लागत नाही ती त्या १८,४६२ डॉलरसाठी. मला मात्र तुमच्या ता. क. ने जास्त काळजीत टाकलं. पण क्रमाने येऊ.

आधी मित्रांचं. खेळलात म्हणून तुम्हाला कोणी आत टाकणार नाही. आपल्याकडे लागू आहे तो महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, १८८७. तो राज्याच्या हद्दीतल्या अड्ड्यांना लागतो, भर समुद्रातल्या जहाजाला नाही. तुमच्या ग्रुप फोटोत जहाजाच्या मागच्या बाजूला ‘नासाऊ’ लिहिलेलं दिसतं, म्हणजे नोंदणी बहामाजची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत किनाऱ्यावरच्या देशाची हद्द, त्यापुढे खुल्या समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो ज्याचा झेंडा त्याचा. म्हणूनच जहाज बंदरात उभं असताना कॅसिनोला कुलूप असतं. (महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला होता, बरं का. तो कधी लागूच झाला नाही. कपाटात पडून राहिला आणि २०२३ मध्ये सरकारने तो मोडीत काढायचं ठरवलं.)

आता त्या मशीनकडे वळू. तुम्ही बटण दाबलं त्या क्षणी आतल्या संगणकाने एक आकडा काढला आणि डावाचा निकाल तिथेच लागला. पुढची फिरती चित्रं, घंटा, दिवे हा सगळा देखावा. मशीनच्या पोटात प्रत्येक डावाची नोंद राहते. पडदा एक सांगत असेल आणि नोंद दुसरं, तर कॅसिनो नोंदीवर बोट ठेवतो.

वहिनींनी काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. दोन गोष्टी दिसल्या. काचेच्या खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत एक पट्टी आहे : बिघाड झाल्यास सर्व डाव आणि सर्व देणी रद्द. ही पट्टी जगभर बहुतेक मशीनवर असते, तिच्यावर एकवेळ वाद घालता येईल. दुसरी गोष्ट जास्त वाईट. वर डाव्या कोपऱ्यात त्या खेळाचं बक्षिसांचं कोष्टक आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस २,५०० डॉलरचं आहे. ज्या खेळात अडीच हजारांच्या वर काही लागूच शकत नाही, तिथे साडेअठरा हजार दिसले. हा फोटो तुम्ही पुरावा म्हणून जपलाय, पण कोर्टात तो पहिल्यांदा समोरचा वकील वापरेल.

अमेरिकेत हे होऊन गेलंय. आयोवा राज्यात २०११ साली एका आजीबाईंच्या मशीनवर चार कोटी सतरा लाख डॉलरचा ‘बोनस’ झळकला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, खेळाचे नियम आणि कोष्टक हाच दोघांमधला करार, त्यात असा बोनस नाहीच. आजींच्या वाट्याला आले एक डॉलर पंच्याऐंशी सेंट. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये २०१६ साली एका बाईंना पडद्यावर जवळजवळ चार कोटी तीस लाख डॉलर दिसले. कॅसिनोने देऊ केले सव्वादोन डॉलर आणि एक वेळचं जेवण. त्या मशीनची मर्यादा होती ६,५०० डॉलरची. त्या मानाने तुमचे चाळीस बरेच म्हणायचे.

समजा कोष्टकाची अडचण नसती, तरी नागपूरच्या कोर्टात भिंत उभी आहेच. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ३०. पैजेचा करार निरर्थक आणि पैजेत जिंकलेलं वसूल करायला दावा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या घेरूलाल पारख प्रकरणात सांगितलंय की पैजेचा करार निरर्थक असला तरी बेकायदेशीर नाही. म्हणजे गुन्हा नाही, पण वसुलीला कोर्टही नाही. मटक्याच्या टपरीवर आकडा लागला आणि बुकीने हात वर केले तर माणूस कुणाकडे जातो? कुठेच नाही. जहाजावरचं मशीन चकचकीत आहे, शेजारी गालिचा आहे, पण वसुलीच्या बाबतीत कायद्याच्या नजरेत दोघांत फरक नाही. तुमच्या तिकिटाच्या अटींत ‘सर्व वाद सिंगापूरच्या न्यायालयात’ असं कलम आहे. तिथेही सुख नाही. सिंगापूरच्या सिव्हिल लॉ ॲक्टचं कलम ५ हे आपल्या कलम ३० चं सख्खं भावंड आहे. त्यातून सूट मिळते ती परवान्याच्या कॅसिनोला, आणि तिथे असे कॅसिनो दोनच, दोन्ही जमिनीवर.

ग्राहक आयोगाचं काय, असं तुम्ही विचाराल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, जानेवारी २०२७ पर्यंत. पण जॅकपॉट मागाल तर आयोग पहिल्याच तारखेला विचारेल, ही सेवेतली त्रुटी की पैजेची वसुली? आणि आदेश मिळालाच तर परदेशी कंपनीकडून तो वसूल कसा करणार? मी तुमची ती केस घेणार नाही. फी घेऊन हरणं मला जमतं, पण आवडत नाही.

एजंटाचं पत्रक मात्र वेगळं आहे. ‘कॅसिनोत ९८ टक्के परतावा, कायद्याने हमी’ असं चक्क छापलंय त्याने. परतावा म्हणजे काय ते आधी समजून घ्या : खेळाडूंनी लावलेल्या पैशांतला जेवढा हिस्सा मशीन त्यांना बक्षिसांतून परत देतं, तो. नव्वद टक्के परताव्याच्या मशीनवर डावाला एक डॉलर लावला आणि तासाला सहाशे डाव टाकले, तर सरासरी साठ डॉलर तासाला जातात. सहाशे डाव म्हणजे दर सहा सेकंदांना एक बटण, लोक सहज तेवढ्या वेगाने दाबतात. ही टक्केवारी लाखो डावांनंतर जुळणारी, तुमच्या एका संध्याकाळीला तिचा काही आधार नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कायद्याने किमान परतावा ७५ टक्के, न्यू जर्सीत ८३ टक्के. बहामाजचा झेंडा लावलेल्या जहाजावर असा कायद्याने ठरवलेला किमान आकडाच नसतो. तेव्हा ‘कायद्याने हमी’ कुठून आली, ते त्या एजंटाने सांगावं. ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे. एजंट नागपूरचा, तुम्ही नागपूरचे, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत, त्यामुळे जिल्हा आयोगात तक्रारीची फीही नाही. मोठी रक्कम मिळणार नाही. थोडी भरपाई, खर्च आणि ते पत्रक मागे घेण्याचा आदेश मिळू शकतो. कॅसिनो पाहूनच ही टूर निवडली, हे दाखवता येत असेल तरच करा. चार जोडप्यांपैकी आणखी कोणी साक्षीला येत असेल तर उत्तम.

क्रूझ कंपनीला एक शेवटचं पत्र लिहा. यात जॅकपॉटचा ‘ज’ही नको. मशीनचा क्रमांक, तारीख, वेळ द्या आणि तीनच गोष्टी मागा : त्या डावाची मशीनमधली नोंद, त्या रात्रीचा घटना अहवाल आणि तुमची सही असलेल्या कागदाची प्रत. त्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’, म्हणजे यापुढे काही मागणार नाही, असे शब्द असण्याची दाट शक्यता आहे. परदेशी कागदावर रात्री साडेअकराला, मागे गाणं वाजत असताना सही करायची नसते, हे आता सांगून उपयोग नाही.

आता कपाट. पहिल्या रात्रीचे ६,२०० डॉलर हे तुमचं उत्पन्न आहे आणि तुम्ही भारतात निवासी, म्हणजे जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथे करपात्र. जानेवारी २०२५ मध्ये लागू होता तो आयकर कायदा, १९६१, कलम ११५बीबी : जुगाराच्या जिंकीवर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. किमान सुटीची मर्यादा नाही, खर्चाची वजावट नाही. सातशे हरलात ते तुमचे तुम्हाला, आयकर खात्याच्या हिशेबात तुम्ही ६,२०० जिंकलात. दर धरायचा तो ३१ मार्चचा स्टेट बँकेचा खरेदी दर. सोयीसाठी ८५ रुपये धरू. ५ लाख २७ हजारांवर कर १,५८,१०० आणि उपकर ६,३२४, मिळून १ लाख ६४ हजार ४२४. ओळखीचा वाटतोय आकडा? तुमच्या दोघांच्या तिकिटांचाच. अग्रिम कर भरला नसल्याने थोडं व्याजही लागेल. दरवर्षी तुमचे सीए दुकानाचं विवरणपत्र ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४ मध्ये भरत असतील, तर या जिंकीच्या वर्षासाठी ते चालणार नाही. जुगाराची जिंकी असली की आयटीआर-३. त्या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत वाढून अखेर १६ सप्टेंबर २०२५ झाली होती.

डॉलरच्या नोटांची मुदत मात्र वेगळी. परदेशातून येताना ५,००० डॉलरच्या वर रोख नोटा असतील तर विमानतळावर कस्टम्सकडे करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरावा लागतो. तुमच्याकडे ५,५०० होते. मुंबईला उतरून तुम्ही काही जाहीर करायचं नसलेल्यांच्या हिरव्या रांगेतून सरळ नागपूरच्या विमानाकडे गेलात, असं पत्रावरून वाटतं. पाचशे डॉलरने चुकलात. शिवाय फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या नियमांप्रमाणे निवासी माणसाला २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्याही ठरावीक मार्गाने आलेल्या. बाकीच्या परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यायच्या. तुम्ही १८ जानेवारीला परतलात, म्हणजे शेवटची तारीख १७ जुलै २०२५.

काउंटरवर पहिला प्रश्न येईल, डिक्लरेशन फॉर्म कुठे? तेव्हा कोणीतरी सल्ला देईल की तीन चेंजरकडे थोडे थोडे मोडा. ते करू नका. आत्ता ती फक्त चूक आहे, तुकडे केलेत की लबाडी होते. सीएंना घेऊन बँकेच्या परकीय चलन विभागात जा, सोबत कॅसिनोने ६,२०० देताना दिलेली पावती, पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं. झालेली चूक लेखी सांगा. फेमाचा भंग हा फौजदारी गुन्हा नव्हे, दंडाचा मामला आहे आणि रिझर्व्ह बँकेकडे तडजोडीचा रीतसर अर्ज करता येतो. न सांगता पकडले गेलात तर दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो.

ती पावती नसेल तर आजच ईमेल करा. जॅकपॉटचं उत्तर देताना कंपनी टाळाटाळ करते, पण दिलेल्या पैशांची पावती द्यायला तिला काहीच जड नाही.

आणि त्या ओळखीच्या माणसाला ‘नको’ म्हणून कळवा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. दुकानात चहाला बोलवा आणि तोंडी सांगा.