गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाबद्दल

प्रिय डॉक्टर,

ग्रामीण रुग्णालयात रुजू झालास, बरं वाटलं. गुडघा दुखतो म्हणणारी पोरं ओपीडीत रोज येतील. बहुतेकांना फारसं काही झालेलं नसतं. पण दहा ते वीस वयातल्या एखाद्याला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर असतो, आणि तो बहुधा गुडघ्यापाशीच निघतो. मांडीच्या हाडाचं खालचं टोक किंवा नडगीचं वरचं.

‘खो-खो खेळताना पडला’ हे हमखास ऐकशील. त्यावर विसंबू नकोस. माराने हा कॅन्सर होत नाही, मार लागला म्हणून तिकडे लक्ष जातं एवढंच. वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं, सकाळी पोर पुन्हा हुंदडतं. इथे एकच पाय ठणकतो, दुखणं चढत जातं, झोपेतून उठवतं. दोन्ही पाय उघडे करून शेजारी ठेव, टेपने घेर मोज, सांध्याच्या जरा वर-खाली हाड दाबून बघ. शंका आली तर त्याच दिवशी दोन बाजूंनी एक्स-रे काढ. हाड पोखरलेलं आणि बाहेर किरणांसारख्या रेषा दिसल्या, की मालिश बंद, हाडवैद्य बंद. आणि सुई तूही लावायची नाहीस! जिथे पुढचं ऑपरेशन व्हायचं तिथेच बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, व्हावी, कारण सुईची वाटसुद्धा गाठीबरोबर काढावी लागते. भलत्या जागी छेद घेतल्यामुळे वाचण्याजोगा पाय हातचा जातो.

‘पाय कापणार का?’ या धास्तीनेच कित्येक आईबाप मुलाला घेऊन परत जातात. त्यांना बसवून सांग. १९७० च्या आधी पाय कापूनही पाचांतलं जेमतेम एक मूल जगायचं. केमोथेरपी आल्यापासून, फुप्फुसात पसरायच्या आत सापडलं तर दहांतली सहा-सात मुलं बरी होतात, बहुतेकांचा पायही वाचतो. आधी केमो, मग ऑपरेशन, परत केमो. बरेच महिने लागतात, मध्येच सोडायचं नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी पाठव, महात्मा फुले योजनेची कागदपत्रं इथूनच लावून दे, आणि पोचले का ते फोन करून विचार.

मुलाला बाहेर बसवून कुजबुजू नकोस. चौदा वर्षांच्या पोराला सगळं कळतं. ‘परत खेळता येईल?’ असं त्याने विचारलं, तर खरं सांग. धातूचा सांधा बसवला तर चालता येईल, शाळेत जाता येईल, कबड्डी मात्र सोडावी लागेल.

तुझा,
सर