'ओगल'ला मराठीत काय म्हणावं?

'ओगल' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'टक लावून पाहणे' असा दिला तर चालेल का? चालणार नाही. टक लावून बाळ पाळण्यावरच्या चिमणाळ्याकडेही पाहतं. ते 'स्टेअर' झालं. 'ओगल'मध्ये अभिलाषा हवीच, बहुधा लैंगिक, आणि ती लपवायची फिकीरही नसते. म्हणून 'वखवखलेल्या नजरेने पाहणे' हा प्रतिशब्द सर्वांत जवळचा. 'न्याहाळणे' फार सभ्य पडतं. त्यात कौतुकही मावतं.

तरुणांच्या बोलण्यात यासाठी हिंदीतून आलेलं 'ताडणे' ऐकू येतं. संवादात ते फिट्ट बसेल, पण लेखी मराठीत घोटाळा होतो, कारण आपल्याकडे ताडणे म्हणजे अंदाजाने ओळखणे. 'त्याने तिला ताडलं' या वाक्यातून ज्येष्ठ वाचक भलताच अर्थ काढतील.

चूक हमखास होते ती व्याकरणात. मराठीत आपण कोणा'कडे' पाहतो, त्यामुळे इंग्रजीतही 'ॲट' आपसूक येतो. 'स्टेअर'ला आणि 'लिअर'ला (वाईट नजरेने पाहणे) तो लागतोच. 'ओगल' मात्र थेट कर्म घेतं: 'ही ओगल्ड हर'. 'ओगल ॲट' वापरात दिसतं, पण 'ॲट'शिवायची रचना जास्त रुळलेली. 'लिअर'मध्ये नजरेबरोबर ओठांवरचं ओंगळ हसूही येतं; 'ओगल'चं काम नुसत्या डोळ्यांवर भागतं. उच्चारात 'ओ' दीर्घ, 'गोल'मधल्यासारखा.

शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, डच किंवा लो जर्मनमधून (उत्तर जर्मनीतल्या बोलींमधून) आलेला असावा. डचमध्ये 'ओग' म्हणजे डोळा. फ्रान्सिस ग्रोसच्या 1785 सालच्या बोलभाषेच्या कोशात तर 'ओगल्स' हे डोळ्यांचंच नाव आहे. त्या काळच्या लेखनात 'ओगल'ला नेत्रकटाक्षाची छटा असे, आणि ते स्त्रियाही करत. जुना मजकूर अनुवादताना 'वखवखलेली नजर' घातली तर खेळकर प्रसंग उगाच किळसवाणा होतो. तिथे 'डोळे मोडणे' किंवा 'नेत्रकटाक्ष टाकणे' शोभेल.

गाडी, दागिने, केक यांच्याबाबतीतही हे क्रियापद थट्टेने वापरतात. तिथे लैंगिक छटा गळून नुसता हावरेपणा उरतो. 'अधाशासारखं बघणे' पुरे. 'गॉगल'शी मात्र याचं नातं लावू नका. तो शब्द याहून जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ डोळे तिरळे करणे किंवा गरगर फिरवणे असा होता.